शिडाच्या छोट्या बोटीला पोल बसवताय? डोलकाठीला भोक पाडण्याआधी हे वाचा

दुपारचे तीन-साडेतीन वाजलेत. समुद्रावरून खारा वारा सुटलाय आणि तुम्ही शिडाची छोटी बोट घेऊन खाडीकडे परत निघालात. वारा बरोब्बर पाठीमागून. मोठं शीड एका बाजूला छान उघडलंय, पण पुढचं छोटं शीड त्याच्या आडोशाला येऊन लुळं पडलंय. कधी फडफडतं, कधी मिटतं. बोटीत दोन शिडं असून काम एकच करतंय. अशा वेळी पुढच्या शिडाचा मोकळा कोपरा दुसऱ्या बाजूला ढकलून धरायला जी हलकी काठी लावतात, तिला व्हिस्कर पोल म्हणतात. आपल्याकडे बोटवाली पोरं नुसतं 'पोल' म्हणतात, आपणही तेच म्हणू.

पोलचं एक टोक डोलकाठीवरच्या कड्यात अडकतं, दुसरं टोक शिडाच्या कोपऱ्यात. दोन्ही शिडं पंखांसारखी दोन्हीकडे उघडतात आणि बोट सरळ, शांतपणे पळते. वल्हं किंवा बांबू लावून शीड बाहेर धरण्याची युक्ती शिडाच्या होड्यांइतकीच जुनी आहे. पोल ही तिचीच सुधारलेली आवृत्ती.

काठी विकत मिळते, घरी पण बनते. खरा प्रश्न डोलकाठीवरच्या त्या कड्याचा आहे. कडं कुठे बसवायचं, कशाने बसवायचं, कोणत्या धातूचं घ्यायचं, यात चूक झाली तर ती दोन हंगामांनी कळते, आणि तेव्हा बोट पाण्यात असते.

चार स्क्रूंची गोष्ट

हे मी सांगतोय ते अनुभवावरून. आमच्या खाडीतल्या एका मित्राने काही वर्षांपूर्वी जुनी सोळा फुटी शिडाची बोट आणली. डोलकाठी ॲल्युमिनियमची. पोल बसवायचा म्हणून आम्हीच दोघांनी एका सकाळी ड्रिल घेऊन चार भोकं पाडली आणि स्टीलचं कडं चार सेल्फ स्क्रूंनी, म्हणजे पत्र्याच्या शेडला मारतात तसल्या स्क्रूंनी, घट्ट आवळून टाकलं. मध्ये काही घातलं नाही, वर काही लावलं नाही. हाताने ओढून बघितलं, हललं नाही. झालं काम म्हणून आम्ही खूश.

दुसऱ्या वर्षी मार्चमध्ये एका दुपारी वारा चांगला होता. पोल लावलेला होता. बोटीने जरा डुलकी घेतली, शीड ताणलं आणि फटकन आवाज आला. कडं चारही स्क्रूंसकट डोलकाठीतून उपटून आलं. शिडाचा सगळा दाब पोलमधून डोलकाठीवर येत होता. तो आधार गेल्याबरोबर पोलचं आतलं टोक मागे उसळलं आणि मित्राच्या चुलतभावाच्या गालाला लागलं. डोळा बोटभर अंतराने वाचला. चार टाके पडले.

बोट किनाऱ्याला लावल्यावर भोकं बघितली. चारही भोकं मोठी झालेली आणि आत पांढरी भुकटी, चुन्यासारखी. स्क्रू तसेच चकचकीत होते, डोलकाठी मात्र आतून खाल्ली गेली होती. दोष काठीचा नव्हता, वाऱ्याचा नव्हता. दोष आमच्या बसवण्यात होता.

आधी ठरवा, तुम्हाला पोल हवा का?

सगळ्या बोटींना पोल लागत नाही. ऑप्टिमिस्ट किंवा लेझरसारख्या एकाच शिडाच्या बोटींना पुढचं शीडच नसतं, तिथे प्रश्नच मिटला. पुढचं आणि मागचं अशी दोन शिडं असलेल्या बोटींना पोल कामाचा.

एनसीसीच्या नौदल विभागात गेलेल्या मुलांनी एन्टरप्राइज नावाची बोट पाहिली असेल. जॅक होल्ट या ब्रिटिश रचनाकाराने १९५६ साली आखलेली ही सुमारे ४ मीटर लांबीची, दोघांची बोट. तिला वाऱ्याबरोबर जाताना फुग्यासारखं उघडणारं तिसरं मोठं शीड नसतं. त्यामुळे वारा मागून असला की पुढचं शीड पोलने बाहेर धरणं हाच तिचा वेग वाढवण्याचा मार्ग. तुमची बोट या जातीची असेल आणि स्पर्धेत उतरवायची असेल, तर पोलची लांबी आणि कड्याची जागा त्या जातीच्या नियमांत बघूनच ठरवा. घरच्या वापराची बोट असेल तर खाली दिलेली पद्धत चालेल.

लांबी बांबूने ठरवा, कागदावर नको

पोल किती लांब हवा? साधा अंदाज असा की पुढच्या शिडाची खालची कड जेवढी, साधारण तेवढा. पण प्रत्येक बोटीचं शीड आणि डोलकाठीची जागा वेगळी असते. म्हणून पैसे खर्च करण्याआधी एक बांबू घ्या.

वारा अगदी कमी असताना बोट किनाऱ्यावर उभी करा, शिडं चढवा, बोटीची पाठ वाऱ्याकडे करा. आता एकाने पुढच्या शिडाचा मोकळा कोपरा बांबूने बाहेर ढकलायचा, दुसऱ्याने थोडं लांब उभं राहून बघायचं. शीड पूर्ण उघडलं पाहिजे, पण पत्र्यासारखं ताठ नको. पोटात थोडी गोलाई राहिली पाहिजे. तशी गोलाई आली की डोलकाठीपासून कोपऱ्यापर्यंत बांबूवर खूण करा. ती तुमच्या पोलची लांबी.

त्याच वेळी दुसरी खूण डोलकाठीवर करा. बांबू आडवा, जमिनीला समांतर असताना त्याचं आतलं टोक डोलकाठीला जिथे टेकतं, ती कड्याची उंची. कडं फार खाली बसलं तर पोलचं बाहेरचं टोक वर जातं, शिडाची मागची कड ढिली पडते आणि वारा निसटतो. कडं फार वर बसलं तर तेच टोक शिडाला खाली खेचतं. शिवाय बोटीत बसून किंवा गुडघ्यावर राहून हात सहज पोचला पाहिजे. पाण्यात उभं राहून टाचा उंचावून कडं शोधत बसायची वेळ येऊ नये.

खूण करताना शिसपेन्सिल वापरू नका. पेन्सिलीतलं ग्राफाइट खाऱ्या हवेत ॲल्युमिनियमला खातं. मार्कर पेन किंवा कागदी चिकटपट्टी वापरा.

कडं कुठल्या प्रकारचं?

छोट्या बोटीला सगळ्यात बरं म्हणजे एकच पक्कं कडं, डोलकाठीच्या पुढच्या तोंडावर अगदी मधोमध. मधोमध यासाठी की पोल कधी डाव्या बाजूला लागतो, कधी उजव्या. वीस फुटांच्या वरच्या बोटींवर पट्टी आणि तिच्यावर सरकणारं कडं लावतात, म्हणजे उंची बदलता येते. लहान बोटीला त्याची गरज नाही. जास्त भाग म्हणजे जास्त भोकं, आणि जास्त भोकं म्हणजे जास्त काळजी.

पोलच्या टोकाला स्प्रिंगचा खटका असलेला जबडा असतो. दोरी ओढली की खटका मागे जातो आणि जबडा उघडतो. कडं विकत घ्यायच्या आधी तो जबडा सोबत न्या आणि घालून बघा. कडं जाड निघालं तर खटका पूर्ण बंद होत नाही, आणि अर्धवट बंद खटका भर वाऱ्यात कधीही सुटतो. कडं फार सैल असेल तर पोल खडखडतो आणि दोन्ही भाग झिजतात.

तयार कडं मिळालं नाही तर जवळचा फॅब्रिकेटर बनवून देईल. ३ मिमी जाडीची स्टेनलेस पट्टी आणि ६ मिमीची सळई पुरते. पण त्याला तीन गोष्टी आवर्जून सांगा. एक, पट्टी डोलकाठीच्या गोलाईला बसेल अशी वाकवायची. सपाट पट्टी गोल काठीवर बसवली तर ती फक्त मधल्या रेषेवर टेकते आणि हलत राहते. दोन, आर्गॉन वेल्डिंगच करायचं आणि भरायची काडी त्याच दर्जाची घ्यायची. तीन, वेल्डिंगनंतर पडलेला निळा-काळा डाग पूर्ण साफ करून द्यायचा. तो डाग राहिला की गंज तिथूनच सुरू होतो. साफसफाईची ॲसिडवाली पेस्ट घातक असते, ते काम त्याच्याच हाताने होऊ द्या.

स्टेनलेस म्हणजे सगळं सारखं नसतं

समुद्रकाठच्या गावात स्टेनलेसची नवी रेलिंग वर्षभरात तांबूस झालेली तुम्ही बघितली असेल. कारण दर्जा. दुकानात स्टेनलेस म्हणून २०२, ३०४ आणि ३१६ असे वेगवेगळे दर्जे मिळतात. ३१६ मध्ये मॉलिब्डेनम नावाचा धातू मिसळलेला असतो, त्यामुळे तो खाऱ्या पाण्यात जास्त टिकतो. कड्यासाठी ३१६ च मागा.

'लोहचुंबक चिकटत नाही, म्हणजे माल चांगला,' असं बऱ्याचदा सांगितलं जातं. यावर विसंबू नका. २०२ ला सुद्धा चुंबक सहसा चिकटत नाही. बिलावर दर्जा लिहून घ्या.

पितळेचं किंवा तांब्याचं काहीही ॲल्युमिनियमच्या डोलकाठीला लावू नका. दिसायला छान दिसतं, पण डोलकाठी सगळ्यात लवकर खातं ते हेच.

पांढरी भुकटी कुठून येते?

दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले आणि मध्ये खारं पाणी आलं, की तिथे छोटी बॅटरीच तयार होते. बॅटरीत एक बाजू झिजते तशी इथेही झिजते. स्टेनलेस आणि ॲल्युमिनियमच्या जोडीत झिजतं ते ॲल्युमिनियम. पांढरी भुकटी म्हणजे तुमच्या डोलकाठीचा गेलेला भाग. स्क्रू चकचकीत राहतो, म्हणून बाहेरून काही कळत नाही. आमचं नेमकं हेच झालं होतं.

उपाय सोपा आहे. धातूला धातू टेकू द्यायचा नाही.

कड्याच्या पट्टीखाली पातळ नायलॉनचा किंवा जाड प्लास्टिकचा तुकडा कापून घाला. तेलाच्या कॅनचं प्लास्टिकही चालतं. रिव्हेट किंवा स्क्रू भोकात घालताना त्याला वेगळं ठेवणारी पेस्ट लावा. बोटींच्या सामानात ड्युरालॅक किंवा टेफ-जेल अशी तयार पेस्ट मिळते. ती नसेल तर लॅनोलिनचं ग्रीस काहीच न लावण्यापेक्षा कितीतरी चांगलं, फक्त ते दर हंगामात पुन्हा लावावं लागतं. पिवळा झिंक क्रोमेट प्रायमर वापरणार असाल तर हातमोजे घाला आणि वाळल्यावर तो घासू नका. त्याची धूळ विषारी असते.

फटी भरायला सिलिकॉन वापरताना आधी वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ते खिडक्यांसाठी ठेवा. त्या प्रकारातून सुटणारं आम्ल धातूला खातं.

स्क्रू की रिव्हेट?

आता थोडं गणित, पण कामाचं. डोलकाठी आतून पोकळ असते आणि छोट्या बोटींवर तिची भिंत साधारण दीड ते तीन मिलिमीटर जाड असते. खालच्या टोकाला व्हर्नियर लावून तुमच्या काठीची जाडी मोजा.

स्क्रूचे निदान तीन आटे धातूत धरले पाहिजेत. ५ मिमीच्या मशीन स्क्रूचे दोन आटे ०.८ मिमी अंतरावर असतात. भिंत २ मिमी असेल तर जेमतेम अडीच आटे पकडतात. ६ मिमीचा स्क्रू घेतला तर आट्यांमधलं अंतर १ मिमी, म्हणजे दोनच आटे. स्क्रू मोठा आणि पकड मात्र कमी! म्हणून पातळ काठीला आटे पाडून स्क्रू बसवणं कच्चं काम ठरतं. पत्र्याचे सेल्फ स्क्रू तर नकोच. त्यांची पकड कमी असते, वर आत घुसलेलं टोक डोलकाठीतून जाणाऱ्या दोराला कापतं.

अशा काठीला ४.८ मिमीचे पॉप रिव्हेट सगळ्यात बरे, ते सुद्धा मोनेल किंवा स्टेनलेसचे. मोनेल म्हणजे निकेल आणि तांब्याचा मिश्रधातू, समुद्रात टिकणारा. दोन्हींना पेस्ट लावायचीच. ॲल्युमिनियमचे रिव्हेट स्वस्त आणि सोपे, पण पोलच्या ताणाला कमी पडतात. ते नावाची पाटी लावायला ठीक.

रिव्हेटची लांबी पण बघा. कड्याची पट्टी ३ मिमी, प्लास्टिक १ मिमी आणि भिंत २ मिमी, म्हणजे एकूण ६ मिमी. पाकिटावर लिहिलेल्या पकडीच्या मापात ६ मिमी बसलं पाहिजे. आतली ओढायची खीळ साध्या लोखंडाची नाही ना, हे इथे मात्र चुंबकाने तपासा. ती तुटून काठीतच राहते आणि गंजते.

एक अडचण येते. ४.८ मिमीचा स्टेनलेस रिव्हेट छोट्या हातगनने ओढला जात नाही. मनगट दुखतं, रिव्हेट अर्धवट बसतो. लांब दांड्यांची, दोन हातांनी दाबायची गन लागते. ॲल्युमिनियमच्या खिडक्या करणाऱ्यांकडे ती बहुधा असते, तासाभरासाठी मागून आणा.

बसवायचं कसं? क्रमाने

१. डोलकाठी उतरवा आणि दोन घोडक्यांवर आडवी ठेवा. उतरवताना आणि नेताना आधी वर बघा. ॲल्युमिनियमची उंच काठी विजेच्या तारेला लागली तर दुसरी संधी मिळत नाही. तारेखालून काठी उभी नेऊ नका, आडवीच न्या.

२. आतून काय जातं ते तपासा. शीड चढवायचा दोर किंवा दिव्याची वायर असेल तर बाहेर ओढून घ्या, आणि तिच्या जागी बारीक सुतळी ठेवा, म्हणजे नंतर परत ओवता येईल.

३. जागा पक्की करा. आधीची भोकं, वेल्डिंग, बाजूचे तार-दोर जिथे अडकतात ती जागा आणि बूमचा सांधा यांपासून लांब राहा. बूम म्हणजे मोठ्या शिडाच्या तळाची आडवी दांडी. काठीभोवती एकाच गोल रेषेत भोकं पाडू नका. कागदावर छिद्रांची ओळ मारली की कागद तिथेच फाटतो, काठीचंही तसंच होतं.

४. चिकटपट्टी लावून तिच्यावर खुणा करा, सेंटर पंचने हलका ठोका द्या. आधी ३ मिमीचं बारीक भोक, मग ४.९ मिमीचं. ते बिट नसेल तर ५ चं चालेल, त्याहून मोठं नको. ड्रिल सावकाश चालवा, बिटाला थोडं रॉकेल किंवा पातळ तेल लावा. ॲल्युमिनियम चिकट असतं, कोरडं बिट त्यात अडकतं. डोळ्यांना चष्मा लावाच.

५. आधी एकच भोक पाडा. कडं ठेवून, त्या भोकात सैल बोल्ट घालून बाकीच्या खुणा पुन्हा तपासा. चारही भोकं एकदम पाडली की एखादं हमखास सरकतं.

६. भोकाच्या कडा मोठ्या बिटाने हाताने फिरवून गुळगुळीत करा. काठी उभी करून ठोका, आतला कीस बाहेर पडू द्या. एक चिमूट कीसही दोर खराब करतो.

७. प्लास्टिकचा तुकडा ठेवा, भोकांत पेस्ट भरा, कडं बसवा. रिव्हेट आमनेसामने ओढा, आधी वरचा डावा, मग खालचा उजवा, गाडीच्या चाकाचे नट आवळतो तसे.

८. काही छोट्या बोटींची डोलकाठी मुद्दाम बंद केलेली असते. बोट उलटली तर काठीत पाणी शिरू नये आणि बोट पूर्ण पालथी होऊ नये, यासाठी. तुमची तशी असेल तर बंद तोंडाचे रिव्हेट वापरा किंवा प्रत्येक रिव्हेटचं तोंड चांगल्या सीलंटने बंद करा.

९. सीलंट एक दिवस वाळू द्या. मग पोल अडकवा आणि दोन्ही हातांनी वर, खाली, डावीकडे, उजवीकडे जोर लावून बघा. कडं तसूभरही हलता कामा नये. शेवटी दोर ओवून वर-खाली करा. कुठे अडकला तर काठी तशीच उभी करू नका.

लाकडाची किंवा बांबूची काठी असेल तर

लाकडी डोलकाठीला पुढून स्क्रू मारण्यापेक्षा तिच्याभोवती दोन भागांचा पट्टा आणि त्याला जोडलेलं कडं जास्त भरवशाचं. पट्ट्याखाली रबर किंवा कातडं घाला. भोक पाडावंच लागलं तर आत इपॉक्सी मुरवा, नाहीतर पाणी तिथूनच शिरतं आणि लाकूड आतून कुजतं. बांबूला भोक अजिबात नको, तो उभा चिरतो. दोराने घट्ट बांधलेलं कडं बांबूला पुरतं.

जुनी भोकं मोठी झाली असतील तर

त्यात इपॉक्सी लांबी भरून पुन्हा तिथेच स्क्रू मारायचा मोह होतो. दोन दिवस बरं वाटतं. पण ताण घ्यायला तिथे धातूच उरलेला नसतो. कडं पाच-सात सेंटिमीटर वर किंवा खाली घ्या, चांगल्या धातूत नवी भोकं पाडा आणि जुनी भोकं फक्त पाणी जाऊ नये म्हणून बुजवा. भोकापासून केसासारखी चीर निघालेली दिसली तर मात्र थांबा. ती काठी जाणकाराला दाखवल्याशिवाय पाण्यात नेऊ नका. मित्राच्या काठीवर आम्ही कडं सात सेंटिमीटर वर घेतलं, रिव्हेटने. अजून पक्कं आहे.

पाण्यात लावताना आणि काढताना

लावताना पुढच्या शिडाचा दोर सैल सोडा. पोलचं बाहेरचं टोक आधी शिडाच्या कोपऱ्यात अडकवा, पोल बाहेर ढकला आणि मग आतलं टोक कड्यात घाला. त्यानंतर दोर ओढून शीड ताणा. काढताना उलटं करायचं, दोर सैल, आधी कड्यातून आणि मग कोपऱ्यातून. जबड्याचं तोंड वरच्या बाजूला ठेवलं की खटका ओढल्यावर पोल आपल्या वजनाने खाली सुटतो.

पोल लावलेला असताना बोटीची दिशा अचानक बदलू नका. वारा पाठीमागून असताना सुकाणू थोडं जास्त फिरलं तरी बूम एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला झपकन फिरते. डोकं मध्ये आलं तर जीवावर बेतू शकतं. म्हणून वारा अगदी नाकासमोर पाठीवर न घेता जरा तिरका घ्या. बाजू बदलायची असेल तर आधी पोल काढा, मग बूम फिरवा. पोल आणि डोलकाठीच्या मागच्या सरळ रेषेत कुणाला बसवू नका. आमच्याकडे टाके पडले ते याच जागेवर.

लाटांवर पांढरा फेस दिसायला लागला की पोल आत घ्या. पोलचं टोक पाण्यात बुडालं तर बोटीचा सगळा वेग त्या एका कड्यावर येतो. पहिल्यांदा खाडीतच, कमी वाऱ्यात, लाइफ जॅकेट घालून सराव करा. समुद्रात अडचण आली तर तटरक्षक दलाचा मदत क्रमांक १५५४ मोबाइलमध्ये आधीच सेव्ह करून ठेवा. आणि पर्यटकांना पैसे घेऊन बसवायचा विचार असेल तर महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाची रीतसर परवानगी आधी घ्या.

देखभाल पाच मिनिटांची

प्रत्येक वेळी बोट वर काढल्यावर कड्यावर आणि जबड्यावर गोडं पाणी ओता. महिन्यातून एकदा तीन गोष्टी बघा. कड्याभोवती पांढरी भुकटी दिसते का, एखादा रिव्हेट बोटाने फिरतो का, आणि खटका सोडल्यावर झटकन बंद होतो का. तीनपैकी एक जरी बिघडलेली असेल तर पोल घरी ठेवा. खटक्याला जाड ग्रीस भरू नका, त्यात वाळू बसते. पातळ तेलाचे दोन थेंब बस होतात.

आगोटीच्या तोंडावर बोटी वर ओढल्या जातात आणि नारळी पौर्णिमेपर्यंत बहुतेक शिडाच्या बोटी झाकलेल्याच असतात. हे काम करायला तोच काळ बरा. डोलकाठी पडवीत आडवी घ्या, सगळी जुनी भोकं एकदा भिंगातून बघा. मोबाइलचा कॅमेरा झूम करूनही चांगलं दिसतं. भोकाचा फोटो काढून ठेवा, पुढच्या वर्षी त्याच जागेचा फोटो शेजारी ठेवून बघा. भोक वाढलंय की नाही ते लगेच कळेल.

तुमच्या गावात कुणी शिडाच्या बोटीचं असं काम करत असेल, किंवा तुम्ही वेगळी युक्ती वापरली असेल, तर फोटोसकट आम्हाला जरूर कळवा.